मामाच्या हातचा घास

आमच्या घरात तांदळाला पाहुण्याचा मान होता. तो रोज यायचा नाही. जावई आला, कुणाचं पोट बिघडलं किंवा सणाला खीर करायची झाली, तरच मडक्यातून निघायचा. एरवी दोन्ही वेळा ज्वारीची भाकर, हिवाळ्यात उडीद मिसळून दळलेल्या कळण्याची, सोबत अंबाडीची भाजी नाहीतर पातळ वरण, आणि काहीच नसलं तर ठेचा. "भात खाल्ला का दोन घंट्यात पोट मोकळं, आन् वावरात निंदायले कोन जाईन मंग?" असं आजी म्हणायची. चुलीच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा होता. घर आमचं धामणगाव बढ्याच्या एका टोकाला, मातीच्या भिंतींचं आणि वर टिनाचं. घड्याळ होतं, पण आम्ही चालायचो आवाजांवर. पिठाच्या गिरणीचं पुक-पुक सुरू झालं की शाळेची वेळ. मलकापूरची एसटी घरघरत गेली की मायनं चूल पेटवायची. आणि अधूनमधून गावाबाहेरच्या फाट्यावर ट्रकचा लांबलचक भोंगा वाजायचा, तो रामदासकाकाचा. आजी हातातलं काम टाकून उभी राहायची. धाकट्या लेकावर तिचा फार जीव.

काका मलकापूरच्या एका मालकाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. कापसाच्या गाठी घेऊन तो नागपूर, रायपूर करत थेट कलकत्त्यापर्यंत जायचा. एकदा तो परतला तेव्हा त्याच्यामागून एक बाई फाट्यापासून चालत आली. सावळी, बारीक, डोक्यावरून पदर कपाळापर्यंत ओढलेला. तिकडच्या देवळात लग्न लावून आणलं होतं. आजीनं दारातच विचारलं, "कोनाची हाय व ही?" काका म्हणाला, संबलपूरच्या बाजूची आहे, चांगल्या घरची आहे, भाऊ मास्तर आहे. हा मास्तर भाऊ आजीनं घट्ट धरून ठेवला. कारण गावानं दुसऱ्याच दिवशी ठरवून टाकलं की रामदासनं बायको विकत आणली. विहिरीवर कुणी तसं पुटपुटलं की आजी कमरेवर हात ठेवून उभी राहायची. "इकत आनाले ते का म्हैस हाय? तिचा भाऊ मास्तर हाय मास्तर!" घरात मात्र तीच आजी तिला धड जेवू द्यायची नाही. तिचं नाव सुकांती. ते आजीच्या जिभेवर बसेना, म्हणून तिची लक्ष्मी झाली. रात्रीचा उरलेला भात पाण्यात भिजवून सकाळी मीठ-कांद्यासोबत खायची तिच्याकडची रीत होती. आमच्याकडे मुळात भात उरायचाच नाही, पण एखाद्या सणाला उरला आणि तिनं तो भिजवला, की आजी नाक मुरडायची. "शिळं पान्यात बुडवून खाते बाई, सर्दी होईन, मंग आमच्या नावानं बोंब मारशीन."

मला ती आवडायची. माझं तेव्हा शाळेत लक्ष कमी आणि घरात जास्त. मी तिला आमची बोली शिकवायचे. 'काऊन', म्हणजे 'का', हा शब्द तिला फार आवडला. कुठंही लावायची. "काऊन भाकरी जली?" असं स्वतःलाच विचारायची आणि स्वतःच हसायची. भाकर तिला शेवटपर्यंत थापता आली नाही, परातीतच फाटायची. माझी माय तिची जाऊ, पण मायनं जावपणा कधी दाखवला नाही. फाटलेली भाकर ती गुपचूप स्वतःच्या ताटात घ्यायची. काकीजवळ माहेरची म्हणावी अशी एकच वस्तू होती, चहापत्तीचा एक पत्र्याचा डबा. त्यात मूठभर बारीक तांदूळ. घर सोडताना पदराच्या गाठीला बांधून आणलेला. कडुनिंबाची पानं घालून ठेवलेला. मी एकदा झाकण काढून वास घेतला. तांदळाला चहाचा वास येत होता. "ये मेरे बच्चे का पहला भात," असं म्हणून तिनं डबा माझ्या हातून काढून घेतला. तेव्हा तिला दिवससुद्धा गेलेले नव्हते.

मग बाबू झाला. गुटगुटीत, काकीसारखाच सावळा. आजीनं गावभर गूळ वाटला. तो बसायला लागला, लाळ गाळायला लागला, आणि उष्टावणाची गोष्ट निघाली. आमच्याकडे मामानं चांदीची वाटी आणायची, भाच्याला मांडीवर घ्यायचं आणि गव्हाच्या खिरीचं पहिलं बोट चाटवायचं. त्याआधी लेकराच्या तोंडात अन्नाचा कण जायचा नाही. काकीच्या मुलखातही पहिला घास मामूच्याच हातचा. फक्त तो भाताचा. आजी म्हणाली, "भात? पह्यल्या घासाले भात देल्ला तर पोट्टं जनमभर लेचंपेचं राहीन." आणि कधी कशाला नाही न म्हणणारी काकी पहिल्यांदा नाही म्हणाली. मान खाली घालून, पण म्हणाली. भातच, आणि तिच्या डब्यातलाच. आठ-पंधरा दिवस घरात धुसफूस चालली. शेवटी आजीच नरमली, कारण दुसऱ्या गोष्टीनं ती खूश होती. संबलपूरहून मास्तर मामा येणार, गावादेखत भाच्याला मांडीवर घेणार, मग विहिरीवरच्या बायांची तोंडं बंद होणार. त्या दोघी आयुष्यात कशावर एकमत झाल्या नाहीत. या एका गोष्टीवर झाल्या, आणि त्यातच ते लेकरू गेलं. हे मी आज इतक्या सरळ लिहिते आहे, कारण इतकी वर्षं आमच्या घरात ते कुणी मोठ्यानं बोललेलं नाही.

निरोप धाडायचा तो काकासोबतच. त्याचा रस्ता तिच्या गावाच्या बाजूनंच जायचा. तो गेला, आला, आणि फाट्यावरून घरात शिरताच काकीनं पाण्याचा तांब्या हातात धरूनच विचारलं. "हाव, निरोप देल्ला," काका म्हणाला. "धान कापनं चालू हाय म्हने. झालं का येतो म्हने." काकीनं अंगण सारवलं. पुढच्या खेपेला मामाला ताप आलेला होता. त्याच्या पुढच्या खेपेला घराचं छप्पर शाकारायचं होतं. काका हे सांगताना बूट काढायला वाकायचा आणि बराच वेळ वाकलेलाच राहायचा. इकडे बाबूला वरचे दोन आणि खालचे दोन दात आले. आम्ही जेवायला बसलो की तो प्रत्येकाच्या हाताकडे बघायचा. हात तोंडाकडे गेला की याचंही तोंड उघडायचं. रांगत येऊन भाकरीच्या टोपल्याला धरायचा, म्हणून जेवणाच्या वेळी त्याला बाहेर नेण्याचं काम माझ्याकडे आलं. मी त्याला कडेवर घेऊन कडुनिंबाखाली उभी राहायचे, चिमण्या दाखवायचे. तो चिमण्यांकडे बघायचा नाही. दाराकडे बघायचा.

मायनं एकदा तोड काढून पाहिली. तिचा भाऊ, म्हणजे माझा मामा, जळगाव जामोदला राहायचा. "आत्याबाई," ती आजीला म्हणाली, "माह्या भावाले बोलावतो. तो बी मामाच हाय न बाबूचा. घास तर पडीन लेकराच्या पोटात." आजी उसळलीच. "उसना मामा आनतं का? लोकं म्हनतीन, माहेर नाही म्हनून भाड्यानं आनला!" मायनं काकीकडे पाहिलं. वाटलं होतं, ही तरी हो म्हणेल. काकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "मेरा भाई जिंदा है दीदी," ती म्हणाली. "जिंदा भाई का जगा दूसरा कैसे बैठेगा?" मायनं तवा घासायला घेतला.

ज्या दिवसाची गोष्ट सांगायला हे प्रकरण लिहायला घेतलं, तो दिवस होळीच्या मागचा-पुढचा असेल. ऊन तापायला लागलं होतं. काकी धुणं घेऊन नाल्यावर गेली होती, आजी ओसरीत पडली होती. माय चुलीपुढे जेवत होती आणि बाबू तिच्या मांडीवर होता. मी समोर बसले होते. मायनं भाकरीचा पोपडा दुधात कुस्करला, बोटांनी इतका मऊ केला की त्याची लापशी झाली, आणि एकदा दाराकडे बघून त्याच्या तोंडात घातला. बाबू क्षणभर थांबला. मग जिभेनं तो घास इकडून तिकडे केला, गिळला, आणि दोन्ही हातांनी मायचं मनगट धरून तिची बोटं पुन्हा तोंडात ओढली. माय हसली. मीही हसले. मायनं दुसरा घास दिला, तिसरा दिला. तो हुंकारत होता, गाई चारा खाताना करतात तसा आवाज. आणि दारात ओल्या कपड्यांची बादली आदळली.

काकीनं त्याला मायच्या मांडीवरून उचलला नाही, ओढला. भिंतीला टेकून बसली, त्याचं तोंड एका हातानं दाबून उघडलं आणि दुसऱ्या हाताचं बोट आत घालून तो घास बाहेर काढला. जिभेवरचा काढला, गालातला काढला, पदरानं हिरड्या पुसल्या. बाबू आक्रोश करत होता आणि तेच बोट चोखत होता, त्याला वाटलं आणखी देते आहे. "मामू का है," ती रडत म्हणत होती, "पहला मामू का है." गलबल्यानं आजी उठून आली. सगळं तिच्या लक्षात आलं. मला वाटलं, ती आता काकीला झोडपेल. ती म्हणाली, "बरं केलं. रीत ते रीत." मायचा हात भाकरीच्या दुधानं बरबटलेला तसाच राहिला होता. तिनं तो धुतला आणि पुढचं जेवली नाही. त्यानंतर तिनं बाबूला मांडीवर घेतलं नाही. मला या तिघींचाही राग येतो. मायचासुद्धा. तू का ऐकलंस म्हणून.

मध्येच एक सांगते. माझी लेक आता परदेशात आहे, बर्फाच्या मुलखात. तिची मुलगी सात महिन्यांची झाली. फोनवर मला दिसते, लाळ गाळत, समोर काय दिसेल ते पकडत. मी विचारलं, काय खाऊ घालतेस? लेक म्हणाली, फळं कुस्करून देते, पण अन्न नाही अजून. दादाचा व्हिसा होऊ दे, मामाच्या हातनं उष्टावण करू, मग सुरू. मी म्हटलं, त्याच्या व्हिसाला सहा महिने लागले तर? तर ती म्हणाली, "आई, इथं आपलं आहे काय? तेवढी एक रीत तर राहू दे." शहाणीसुरती, दोन पदव्या घेतलेली पोरगी. मला काकीच दिसली. परमुलखात माणसाजवळ फार काही उरत नाही, मग जे उरतं ते त्याला सोडवत नाही. हे मला समजतं. पण समजलं म्हणून मी गप्प बसले नाही. मी फोनवर इतकी ओरडले की शेजारीण विचारायला आली.

उन्हाळा चढला तसा बाबू उतरला. काकीचं दूध आटत चाललं होतं. ती तरी काय खायची, भाकर तिच्या घशाखाली उतरायची नाही. बकरीचं दूध पाणी घालून पाजायची. दूध चालायचं, ते अन्न नव्हे. बाबूचे केस तांबूस झाले, पोट पुढे आलं, दंडाची कातडी लोंबायला लागली. रांगणं सुटलं. नंतर मी जेवणाच्या वेळी त्याला बाहेर नेणं बंद केलं, कारण तो हातांकडे बघेनासाच झाला होता. भिंतीला टेकवला तर तसाच राहायचा. मग पहिल्या पावसात त्याला हगवण लागली. काका खेपेवर होता. बाबा, माय आणि काकी त्याला मलकापूरला डॉक्टरकडे घेऊन गेले, मलाही सोबत नेलं. डॉक्टरनं त्याचं तोंड उघडून दात पाहिले. "काय खातो?" काकी म्हणाली, दूध. "अन् दुसरं?" बाबा चपलेकडे बघत होते. डॉक्टरनं पुन्हा विचारलं, मग आमच्या तोंडांकडे पाहिलं, आणि काय समजायचं ते समजला. तो चिडला असता तर बरं वाटलं असतं. त्यानं औषध दिलं आणि बुलढाण्याला मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाला. त्या वेळेला तिकडची गाडी नव्हती. सकाळी नेऊ, असं ठरवून आम्ही एसटीनं घरी आलो.

घरी येताच काकीनं फळीवरचा डबा काढला आणि मायपुढे धरला. "दीदी, तू खिला." बस्स, एवढंच. माय चूल पेटवायला बसली. लाकडं ओली होती, पेट घेईना. आजी आली, खाली बसली आणि फुंकणीनं जाळ करू लागली. त्या बाईला मी कधी सुनांच्या हाताखाली काम करताना पाहिलं नव्हतं. तांदूळ शिजला, मायनं तो घोटून पातळ केला, गार केला, बोटावर घेऊन बाबूच्या जिभेवर ठेवला. तो तिथंच राहिला. माय म्हणाली, "गिळ रे राजा." काकी म्हणाली, "खा, बाबू, खा." भात जिभेवरून सरकत ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आला. मायनं तो पुन्हा आत घातला. पुन्हा बाहेर आला. होळीला दोन हातांनी मनगट धरणारं लेकरू, त्याला आता गिळणं जमत नव्हतं. दिवस उजाडायची वाट पाहायची गरज पडली नाही.

काका आला तेव्हा बाबूला नाल्याकाठी पुरून झालं होतं. फाट्यावरचा भोंगा ऐकून आजी जागची हलली नाही. काकी उंबऱ्यात बसली होती. तिनं रडून विचारलं नाही, साधं विचारलं, "भाई ने क्या बोला था? सच बोलो." काका बूट काढायला वाकला आणि तिथंच जमिनीवर बसला. म्हणाला, "मी गेलोच नाही तथी. एकबी खेप नाही गेलो." तिच्या भावानं लग्नाच्या वेळीच सांगितलं होतं, इकडं पुन्हा दिसलास तर हातपाय तोडीन. मास्तर तर तो नव्हताच, दुसऱ्याच्या शेतात राबायचा. आईला सांगितलं चांगल्या घरची, मग बायकोला कसं सांगायचं की भाऊ तिचं नावसुद्धा घेत नाही? म्हणून प्रत्येक खेपेला एक निरोप रचायचा. आजी म्हणाली, "मंग मास्तर?" आणि पदर तोंडात कोंबून आत गेली. भाऊ मास्तर नाही आणि रागावलेला आहे, हे दोन्ही काकीला ठाऊक होतं. "पर मामू हुआ ना वो," ती म्हणाली. "मामू होने के बाद कौन गुस्सा रखता है? तुम एक बार जाते." मला आजही वाटतं, काका एकदा गेला असता तर तो भाऊ आला असता. नसताही आला, तरी आम्हाला कळलं असतं, आणि मायनं त्या पोराला खाऊ घातलं असतं.

काकी परत गेली नाही. जाणार कुठं? काकाशी ती कामापुरतं बोलायची. शेतात जायची, फाटकी भाकर थापायची. 'काऊन' म्हणणं तिनं सोडलं. डब्यात थोडा तांदूळ उरला होता. दर वैशाखात ती तो उन्हात घालायची, किडे वेचायची, नवी कडुनिंबाची पानं टाकायची आणि डबा पुन्हा फळीवर. काही वर्षांनी माझ्या पाठीवर, बऱ्याच अंतरानं, मायला मुलगा झाला. तो बसायला लागला तेव्हा आजीनंच हळूच विचारलं, उष्टावण करायचं ना? मायनं जळगाव जामोदला निरोप धाडला. आपला मामा खरा होता, येणारा होता.

उष्टावणाच्या दिवशी बाया जमल्या, पाट मांडला, गव्हाच्या खिरीचा वास घरभर होता. मामाची गाडी काही येईना. दुपार टळली. आधीची एसटी चुकली, नंतरची बंद पडली म्हणे, असं कुणीतरी फाट्यावरून सांगत आलं. माझा भाऊ भुकेनं रडायला लागला. मायनं छातीशी धरलं तरी तोंड फिरवून पाटाजवळच्या खिरीकडे हात करत होता. "जराकसं थांब रे, येऊनच राह्यला मामा," बाया म्हणाल्या. माय खिरीकडे बघत होती, आजीकडे बघत होती, आणि तिचा हात उठत नव्हता. तिचाही उठत नव्हता, एवढं सगळं होऊन. लेकरू गेलेल्या बाईनं असल्या ठिकाणी पुढे बसायचं नसतं, म्हणून काकी आपणहून चुलीच्या कोपऱ्यात होती. चुलीवर तिनं काय ठेवलं आहे, इकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. ती भाताचं भगुलं घेऊन उठली. चहाचा वास आधी मला आला. बायांच्या मधून वाट काढत ती आली, मायच्या मांडीवरून पोराला घेतलं आणि भिंतीला टेकून बसली. उजव्या हाताच्या बोटावर भात घेतला. त्याच बोटानं तिनं बाबूचा घास काढला होता. ते बोट तिनं माझ्या भावाच्या तोंडात घातलं.

कुणीतरी "अवं!" केलं. भावानं घास गिळला आणि तो बोट धरून बसला. काकीनं बोट मागे घेतलं, भगुलं तिच्या मांडीवर कलंडायला आलं, आणि ती घाबरून आजीकडे बघू लागली. एवढ्यात मामा चांदीची वाटी फडक्यात गुंडाळून, धुळीनं माखलेला, दारात येऊन उभा राहिला. आजी उठली, काकीजवळ गेली आणि ते भगुलं आपल्या हातात धरलं.

"थांबू नोको व सुकांते," ती म्हणाली. "दे त्याले."